शीण आणि वीट : रुग्णसेवा करणाऱ्यांच्या थकव्याविषयी

आमच्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आपण दरवर्षी बाह्यरुग्णांची संख्या, पार पडलेल्या शस्त्रक्रिया, नव्याने आलेली यंत्रसामग्री आणि देणगीदारांची नामावली वाचता. रुग्णांजवळ दिवसरात्र उभे राहणाऱ्या परिचारिका, मावश्या, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ आणि निवासी डॉक्टर यांचा उल्लेख मात्र बहुधा शेवटच्या पानावरील आभारप्रदर्शनात एका ओळीत उरकलेला असतो. यंदा ती ओळ लांबवावी असे आम्हांस वाटले. त्यास निमित्त झाला एक राजीनामा.

शल्यकक्षातील एका ज्येष्ठ सिस्टरने १९ वर्षांच्या सेवेनंतर नोकरी सोडली. अर्जात 'घरगुती अडचणींमुळे' असे नेहमीचे कारण होते. निरोपाचा छोटा समारंभ झाला, शाल-श्रीफळ दिले गेले. पुढे काही दिवसांनी त्या हिशेबाचे कागद घेण्यासाठी आल्या, तेव्हा मेट्रनबाईंनी त्यांना बसवून घेऊन खरे कारण विचारले. त्या म्हणाल्या, "मॅडम, दमण्याचं काही नाही, त्याची सवय आहे. पण अलीकडे पेशंटनं हाक मारली की पोटातून राग उठतो. त्या दिवशी एका आजींनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं आणि मी त्यांच्याकडे न बघता पेला आपटून ठेवला. त्या घाबरल्या. मला माझीच भीती वाटली."

हे त्यांच्या संमतीने येथे देत आहोत. ज्या बाईंच्या हातावर विश्वास ठेवून आमचे शल्यविशारद निर्धास्तपणे घरी जात असत, त्यांच्यावर ही वेळ का यावी, याचा शोध घेताना जे वाचले, जे ऐकले आणि स्वतःच्या कारभारात जे आढळले, ते आपल्यापुढे ठेवणे हा या लेखाचा हेतू आहे.

या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. हा शब्द आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. परंतु त्याचा जन्म आमच्यासारख्याच एका धर्मादाय संस्थेत झाला, हे फारसे कोणास ठाऊक नसते. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ संध्याकाळनंतर विनामूल्य सेवा देत. दिवसभर स्वतःचा व्यवसाय आणि रात्री उशिरापर्यंत हा दवाखाना, असा त्यांचा क्रम होता. मोठ्या उमेदीने आलेले स्वयंसेवक साधारण वर्षभरात निस्तेज होतात, चिडचिडे आणि संशयी होतात, असे त्यांच्या ध्यानात आले. आणि ते स्वतःही त्यातून सुटले नव्हते. १९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला. या अवस्थेचा धोका सर्वाधिक कोणाला, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर कोणत्याही विश्वस्त मंडळाने लक्षात ठेवावे असे आहे. कामचुकारांना नव्हे, तर मनापासून काम करणाऱ्यांना.

पुढे अमेरिकेतीलच क्रिस्टिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासमवेत १९८१ साली ही अवस्था मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्यांनी तिची तीन अंगे सांगितली. मराठीत त्यांना चपखल शब्द आहेत. पहिले अंग शीण. हा झोपेने न जाणारा थकवा असतो. दुसरे वीट. कामाचा, आणि ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांचा उबग येऊन मन त्यांच्यापासून दूर सरकते. तिसरे अंग म्हणजे आपल्या हातून आता काही चांगले होत नाही, ही भावना. आमच्या सिस्टर मेट्रनबाईंना जे सांगत होत्या ते पहिल्या अंगाविषयी नव्हते, दुसऱ्याविषयी होते. हा भेद वाचकांनी कृपया मनात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली आहे. ही आवृत्ती २०२२ पासून अमलात आली. मात्र तेथे त्याची गणना रोगांत केलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी ती व्यवसायाशी निगडित अवस्था आहे, असे म्हटले आहे. म्हणजे तपासणी करायची तर ती एकट्या परिचारिकेची करून भागत नाही. कामाच्या जागेचीही करावी लागते.

प्रथम कामाच्या भाराविषयी. रुग्णालयातील मनुष्यबळाचे गणित बाहेरून दिसते त्याहून निराळे असते आणि ते आम्ही आजवर देणगीदारांना कधी समजावून सांगितले नाही. एका ठिकाणी अहोरात्र एक परिचारिका उभी राहावी असे वाटत असेल, तर वर्षाच्या ३६५ दिवसांत तीन पाळ्यांप्रमाणे १,०९५ पाळ्या भराव्या लागतात. एका परिचारिकेच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि हक्काच्या, सणांच्या व आजारपणाच्या मिळून समजा ४० रजा वजा केल्या, तर ती वर्षाला २७३ पाळ्या करू शकते. म्हणजे एका जागेसाठी चार माणसे पगारावर हवीत. प्रसूतिरजा यात धरलेली नाही. केंद्र सरकारच्या कर्मचारी निरीक्षण पथकाने परिचारिकांच्या पदांसाठी ठरवलेल्या निकषांतही सुट्ट्या व रजांपोटी ४५ टक्के पदे अधिक धरली आहेत, ती याच कारणाने.

आता ३० खाटांचा एक कक्ष घेऊ. तेथे प्रत्येक पाळीत पाच परिचारिका असाव्यात असे ठरवले, तर २० जणी लागतील. पटावर १५ असतील, तर प्रत्येक पाळीच्या वाट्याला सरासरी पावणेचार येतात. पावणेचार म्हणजे प्रत्यक्षात कधी चार, कधी तीन. पाच असताना एकीकडे सहा रुग्ण होते. तीन असताना दहा होतात. एखादीचे मूल तापाने फणफणले आणि तिने ऐनवेळी रजा टाकली, की आधीची पाळी संपवून निघालेलीला इन्चार्ज सिस्टर दारातच थांबवते आणि डबल ड्यूटी लावते. रजा मागणारीला अपराधी वाटते आणि थांबणारीला तिचा राग येतो. दोघींचेही काही चुकलेले नसते. चूक ड्यूटी लिस्ट तयार होण्यापूर्वीच, अंदाजपत्रक मंजूर करताना झालेली असते, आणि त्या टेबलाभोवती आम्हीच बसलेलो असतो.

अशा भाराचा परिणाम केवळ परिचारिकांवर होत नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिकेला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. कॅलिफोर्निया राज्याने तर २००४ पासून परिचारिका आणि रुग्ण यांचे प्रमाण कायद्यानेच बांधून दिले आहे. आपल्या नातेवाइकाच्या उशाशी बसलेल्या वाचकांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की सिस्टरच्या पायांना विश्रांती मिळते की नाही, हा प्रश्न आपल्या रुग्णाच्याही जिवाचा आहे.

निवासी डॉक्टरांची स्थिती याहून बरी नाही. त्यांनी एका वेळी सलग १२ तासांपेक्षा अधिक आणि साधारणतः आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम करू नये, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशांत म्हटले होते. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली ती आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम नसावे अशी. बत्तीस वर्षांत आपली अपेक्षा कोणत्या दिशेने सरकली, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

परंतु केवळ माणसे वाढवली की प्रश्न सुटेल, असे आम्हांस पूर्वी वाटत असे, ते तितकेसे खरे नाही. २००१ साली एव्हांजेलिया डेमेरूटी, आर्नोल्ड बॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचार मांडला, तो आमच्या अनुभवास तंतोतंत लागू पडतो. त्यांच्या मते शीण येतो तो कामाच्या मागण्यांमुळे, आणि वीट येतो तो ते काम करण्यासाठी लागणारी साधने, मोकळीक, पाठबळ आणि कदर न मिळाल्यामुळे. दोहोंची मुळे निराळी आहेत. दमलेल्या माणसाला सुट्टी देता येते. विटलेला माणूस सुट्टीवरून परततो तो पहिल्याच दिवशी पुन्हा विटलेला असतो.

मोकळीक म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणाने सांगतो. आमच्याकडे धुतलेल्या चादरींची मागणी आठवड्यातून दोनच दिवस नोंदवता येत असे आणि भांडाराच्या किल्ल्या संध्याकाळी पाचनंतर कार्यालयात जमा होत. नियम चोरी टाळण्यासाठी केला होता आणि त्या काळी तो योग्यही असेल. पण रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णाला उलटी झाली, तर सिस्टरपुढे दोनच मार्ग उरत. शेजारच्या कक्षात उसनवार मागणे किंवा ओल्या चादरीवर कागद घालणे. नातेवाईक ओरडत ते तिच्यावर. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली दाखवून दिले होते, की कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचा अधिकार तुटपुंजा, हा संयोग माणसाला सर्वाधिक पोखरतो. सलाईनचा वेग, दुखणे उतरवणारे औषध, हृदयाची बदललेली गती यांबाबत जिच्या नजरेवर आपण विसंबतो, तिला एका चादरीचा अधिकार नव्हता. मेट्रनबाईंनी हे आम्हांस यापूर्वी दोन वेळा लेखी कळवले होते. ती पत्रे फाइलमध्ये सापडली. त्यांवर 'नोंद घेतली' असा शेरा होता.

रुग्णालयाची शिस्त माणसांवर काय परिणाम करते, याचा एक जुना अभ्यास इंग्लंडमधला आहे. इझाबेल मेंझीज यांनी लंडनमधील एका शिक्षण-रुग्णालयातील शिकाऊ परिचारिकांचे निरीक्षण करून १९६० साली तो प्रसिद्ध केला. रुग्णाचे दुःख जवळून पाहण्याने मनात जी भीती दाटते, तिच्यापासून बचाव म्हणून तेथे कामाचे तुकडे पाडले गेले होते. एकीने सर्वांचे ताप मोजायचे, दुसरीने सर्वांना औषधे द्यायची. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने आणि बिघडलेल्या अवयवाने होई. मेंझीज यांचे म्हणणे असे, की या व्यवस्थेने भीती तर गेली नाहीच, उलट कामातले समाधान गेले, आणि चांगल्या मुली सोडून गेल्या. 'बारा नंबरचे हर्निया' हे शब्द आमच्याही कक्षात रोज ऐकू येतात. ती भाषा उद्धटपणाची नसते, तग धरण्याची असते, हे आम्हांस उशिरा कळले.

कदरीचा विषय पैशापासून सुरू होतो, आणि त्याबाबत संस्थेने मनमोकळेपणाने बोलले पाहिजे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने शिफारस केली, की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत हे वेतन राज्य शासनाच्या परिचारिकांइतके असावे. लहान रुग्णालयांना काही सवलत दिली, परंतु ५० खाटांखालच्या रुग्णालयांतही मासिक वेतन २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे असे सुचवले. आमच्या संस्थेस शासकीय वेतनश्रेणीशी असलेले अंतर अद्याप पूर्ण भरून काढता आलेले नाही. जर्मन अभ्यासक योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ साली श्रम आणि मोबदला यांच्यातील असमतोलाचा जो सिद्धांत मांडला, त्यात मोबदला म्हणजे केवळ पैसा नव्हे. मान आणि नोकरीची शाश्वतीही त्यात येते. एकाच कक्षात, एकाच पाळीत, एक परिचारिका कायम आणि तिच्याशेजारी तेच काम करणारी दुसरी अकरा महिन्यांच्या करारावर, ही रचना आमच्याकडेही आहे. तिचा जाच करारावरील मुलीला होतोच. कायम असलेल्या ज्येष्ठ सिस्टरलाही होतो, कारण शिकवून तयार केलेली मुलगी दरवर्षी हातची जाते.

येथे 'सेवा' या शब्दाविषयी थोडे बोलावेसे वाटते. आमच्या संस्थेची उभारणी या शब्दावर झाली आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु हा शब्द आम्ही कधीकधी पगारवाढीच्या अर्जावर उत्तर म्हणूनही वापरला, हे मान्य केले पाहिजे. दाता सेवा करतो ती आपल्या सवडीने आणि आपल्या ऐपतीनुसार. परिचारिकेची सेवा ड्यूटी लिस्टवर असते. २२ मार्च २०२० रोजी देशभर थाळ्या आणि टाळ्या वाजल्या, तेव्हा आमच्या अनेक भगिनींचे डोळे भरून आले होते, असे त्याच सांगतात. त्यानंतरच्या महिन्यांत त्यांना हवी होती ती साठलेली रजा, आणि ती आम्ही वेळेवर देऊ शकलो नाही.

आणखी एक भार असा, की जो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली विमानातील परिचारिकांचा आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचा अभ्यास केला. पहिल्यांना मनात काहीही असले तरी हसतमुख राहण्याचा पगार मिळतो आणि दुसऱ्यांना कठोर राहण्याचा. आमच्या सिस्टरला एकाच पाळीत दोन्ही करावे लागते. जिच्या पतीला नुकतेच अतिदक्षता विभागात हलवले, त्या बाईंना धीर द्यायचा, आणि अर्ध्या तासाने बिलिंग विभागाचा फोन आला की अनामत रकमेची आठवणही त्यांनाच करून द्यायची. १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका पाहावी लागते. कागद अपुरे असले तर 'नाही' म्हणण्याचे काम विश्वस्त करत नाहीत. समाजसेवा कक्षातील एक तरुण कार्यकर्ती करते, आणि शिव्याही तीच खाते. रुग्णालयातील हिंसाचाराविरुद्ध राज्यात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. पण ज्या रात्री कॉलर धरली जाते, त्या रात्री कायद्यापेक्षा शेजारी उभा राहणारा एखादा वरिष्ठ अधिक उपयोगी पडतो.

हे सारे ध्यानात येण्यापूर्वी आम्ही काय उपाय केला, तेही नमूद करतो. मागील वर्षी कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीचे शिबिर घेतले. योगशिक्षक उत्तम होते. मात्र हजेरी सक्तीची होती आणि वेळ सकाळी आठची, म्हणजे रात्रपाळी संपल्याबरोबर. शवासनात निम्म्या जणी झोपी गेल्या. योगाभ्यासाची उपयुक्तता आम्ही नाकारत नाही. पण पायात काटा रुतला असताना आम्ही मलम कपाळाला लावत होतो.

आता भांडाराच्या किल्ल्या रात्रीच्या इन्चार्ज सिस्टरकडे राहतात. आजवर एकही चादर कमी झालेली नाही. ड्यूटी लिस्ट पंधरा दिवस आधी लागते आणि ती बदलायची तर कारण लिहून सही करावी लागते, त्यामुळे बदल आपोआप कमी झाले. अनामत रकमेविषयी नातेवाइकांशी बोलण्याचे काम परिचारिकांकडून काढून घेतले आहे. दोन कक्षांत कामाचे तुकडे मोडून ठरावीक रुग्ण ठरावीक सिस्टरकडे सोपवून पाहिले. एका कक्षात ते छान रुळले. दुसऱ्यात माणसे अपुरी पडल्याने महिनाभरात थांबवावे लागले. रजेच्या बदली माणसांचा प्रश्न जिथल्या तिथेच आहे, कारण तो पैशाचा आहे.

आणि म्हणून देणगीदारांशी दोन शब्द. आपण डायलिसिसचे यंत्र देता, त्यावर आपल्या मातोश्रींच्या नावाचा फलक लागतो आणि तो लागलाच पाहिजे. परंतु एका रुग्णाचे डायलिसिस साधारण चार तास चालते, यंत्र दिवसातून तीन वेळा चालवायचे तर सकाळपासून रात्रीपर्यंत तंत्रज्ञ आणि परिचारिका लागतात, आणि त्यांच्या वेतनासाठी देणगी क्वचितच येते. त्यामुळे नवे यंत्र येते तेव्हा ते पुष्कळदा जुन्याच माणसांच्या डोक्यावर येऊन बसते. नव्या इमारतीचेही तेच. आपल्या औदार्यात काही उणे आहे असे आम्ही म्हणत नाही. मागताना आम्हीच नेहमी यंत्र मागितले. वेतन हा दानाचा विषय आहे, असे सांगण्याचा आम्हांस संकोच वाटत आला.

यंदाच्या देणगीपत्रात 'रजा-राखीव परिचारिका निधी' असा नवा रकाना छापला आहे. वर सांगितलेल्या कक्षासारख्या एका कक्षात प्रत्येक पाळीला एक जादा परिचारिका देण्यासाठी चार वेतने लागतात. या निधीतून प्रथम शल्यकक्षासाठी तशी तरतूद करण्याचा मानस आहे. १९ वर्षे सेवा केलेल्या सिस्टर सध्या एका परिचर्या विद्यालयात शिकवतात. दोन वेळा जाहिरात देऊनही, हा अहवाल छापावयास जाईपर्यंत त्यांची जागा भरलेली नाही.